कलबुर्गीची सुपारी

सकाळी 6.00, भालकी. मोबाइलवर तंबोरा लावलाय. काळी पाच. आधी खर्ज, मग सावकाश वर. मध्येच नळाला पाणी येतं. ताई उठतात, दोन घागरी भरतात, परत सा लावतात. लग्नसराईत दुसऱ्यांची सिनेमातली गाणी गायची, हा त्यांचा धंदा. मराठी, कन्नड, हिंदी, अधूनमधून तेलुगू.

9.30. शंभरपानी वही. सगळी गाणी देवनागरीत. कन्नड गाण्यांवर लाल पेन फिरलेलं. मराठी जीभ शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळते. कन्नडात गिळला की मांडव हसतो. म्हणून शेवटच्या अक्षराखाली रेघ. कन्नडातला आखूड ‘ए’ आणि आखूड ‘ओ’ आपल्याकडे नाहीत, त्यांवर टिंब. हिंदीत ‘ज़’खाली नुक्ता, कारण कलबुर्गीत पहिल्या रांगेत उर्दू कळणारे कान असतात. आज एक नवं कन्नड गाणं बसवायचंय. ट्रॅक शंभर रुपयांना घेतला, तोही दोन पट्ट्या वर. कीबोर्डवाले अण्णा तो खाली आणून देतील. गाणं ऐकून ऐकून तोंडात बसतं. अर्थ शेजारच्या शिक्षिकेला विचारायचा. अर्थ न कळता गाणारेही मी पाहिलेत. ऐकताना कळतं.

दुपारी 12.15. बस. कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेमुळे जून 2023 पासून ताईंचं तिकीट शून्य, आधार दाखवलं की झालं. अण्णांना मात्र पूर्ण. कीबोर्डची पेटी मांडीवर, नाहीतर सामानाचं वेगळं. हुमनाबादला गाडी बदलतात. जवळच माणिकनगर. माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृतात पदं रचली. ताईंनी तिथं तीन भाषांत गायलंय. बिदागी नाही, प्रसाद.

4.00, कलबुर्गी. फंक्शन हॉलमध्ये खुर्च्या लागतायत. साउंडवाला म्हणतो, “बाजी, एक लाईन गाओ.” गायल्यावर माईक शिट्टी मारतो. मॉनिटर फिरवला, तरी शिट्टी. शेवटी एको कमी केला. चहा दहाचा, ज्याचा त्याने द्यायचा. साडीला इस्त्री हॉलमागच्या खोलीत, जमिनीवर चादर टाकून.

7.30. नवरी निलंग्याची, नवरा इथला. पहिलं गणपतीचं, मराठीत. मग कन्नड, मग हिंदी. मुलीकडचे “ताई” म्हणतात, मुलाकडचे “अक्का”. दोघांचीही फर्माईश चिठ्ठीवर, चिठ्ठीला कधी वीसची नोट, कधी नुसती टाचणी. पैसे ऑर्केस्ट्राच्या डब्यात जातात, वाटणी नंतर. एक आजोबा 1967 च्या ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’तलं लताबाईंचं कन्नड गाणं मागतात. ट्रॅक नाही. अण्णा नुसते स्वर धरतात, ताई गातात. वरचा षड्ज थोडा कमी लागतो. आजोबा पन्नास देतात. नवं गाणं मात्र स्वच्छ गेलं, लाल रेघांसकट.

10.00. स्पीकर बंद. दहानंतर परवानगी नाही आणि पोलिसांची गाडी फाटकाशी उभी. दोन फर्माइशी राहिल्या, त्यांच्या नोटा परत.

10.50. जेवणाच्या पंगती उठल्यात. ताईंच्या ताटात भात, सार, थंड जिलेबी. यजमान हिशेबाला बसतात. ठरले तीन हजार, इसार पाचशे आधीच दिलेला. हातात येतात बावीसशे. “तीन गाणी कमी झाली ना अक्का.” ताई म्हणतात, “गाणी तुमच्या भाषणांनी खाल्ली.” आणखी दोनशे निघतात. तीनशे मागितले असते तर तीनशे निघाले असते, असं मला वाटतं. डब्यातले तिघांत वाटून प्रत्येकी एकशे चाळीस.

11.40, बसस्टँड. परतीची गाडी द्यायची बोली होती, ती पाहुण्यांना लागली. पहिली मिळते ती उदगीरची. राज्याबाहेर जाणारी, तिथं शून्य तिकीट चालत नाही. ताई भालकीपर्यंतचे पूर्ण पैसे मोजतात. तेवढ्यात फोन वाजतो. उद्या अकराला औरादला हळद आहे, तासाभराचंच काम, पाचशे कमी करा.

“तास असो की चार,” ताई म्हणतात, “बस तेवढीच लांब जाते.”

पलीकडचा उद्या सकाळी कळवतो म्हणाला.