धरणातलं पाणी आणि पंधरा नळ्या

बूच काढताना त्याच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. निर्जंतुक केलेली बाटली बुडाशी धरायची, उपडी करून फूटभर पाण्याखाली न्यायची आणि तिथे तोंड वर करून हातापासून दूर, पुढे ढकलत भरायची. म्हणजे नमुना घेणाऱ्याच्या कातडीवरचे जिवाणू आत शिरत नाहीत. काठोकाठ भरायची नाही, पुढे प्रयोगशाळेत पाणी हलवायला जागा लागते. मग बाटली बर्फाच्या पेटीत जाते आणि वहीत जागा, वेळ, पाण्याचं तापमान आणि आदल्या दिवशी पाऊस झाला का, एवढं उतरतं. ही शेवटची नोंद भरायचा अनेकांना कंटाळा येतो. खडकवासल्यासारख्या धरणात तीच सगळ्यात बोलकी असते.

मुठेवरचं हे धरण १८७९ साली पुरं झालं. टेमघर, वरसगाव आणि पानशेतचं पाणी इथे येतं आणि इथून पुण्याला जातं. चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडा वर. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीलाही किंचित कमी, म्हणजे सुमारे ५,५८० कोटी लिटर. शहर रोज दीडशे कोटी लिटरहून जास्त पाणी उचलतं. वरून थेंबही आला नाही असं धरलं, तर भरलेलं खडकवासला जेमतेम महिनाभर पुरेल. शेतीसाठी कालवा सुटला की त्याहून कमी.

हा महिनाभराचा हिशेब जिवाणूंच्या बाबतीत फार मोलाचा आहे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्डाचे अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नदीचं पाणी साठवून त्यातले विषमज्वराचे जंतू किती टिकतात ते तपासलं होतं. नुसत्या साठवणुकीने त्यातले बहुतेक काही आठवड्यांतच मरतात, असं त्यांना दिसलं. माणसाच्या किंवा गुराच्या आतड्यातल्या उबेला आणि खाद्याला सोकावलेले जिवाणू मोकळ्या पाण्यात उपाशी पडतात, वरच्या थरात उन्हाने मरतात, एकपेशीय जीव त्यांना खातात आणि उरलेले गाळाला चिकटून तळाशी बसतात. फिल्टर आणि क्लोरिन यांच्याआधीचं हे शुद्धीकरण फुकट मिळतं. फक्त पाण्याला थांबायला वेळ मिळायला हवा.

पावसाळ्यात तो वेळ मिळत नाही. जूनच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यांतून माती, शेण, उघड्यावरची घाण आणि वस्त्यांचं सांडपाणी एकदम धरणात उतरतं. जुलैत वरची धरणं भरून सुटू लागली की ओढ्यातून आलेलं पाणी काही दिवसांतच सांडव्यापाशी किंवा उचल-विहिरीशी पोचतं. त्यातच तळाचा गाळ ढवळला जातो. गाळात ई-कोलाय हा आतड्यातला जिवाणू मोकळ्या पाण्यापेक्षा जास्त दिवस तग धरतो, म्हणून मागच्या घाणीचा हिस्साही वर येतो. ऑक्टोबरपर्यंत पाणी निवळतं, आकडे उतरतात. मार्च-एप्रिलचं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण साठा घटलेला असतो आणि काठावर गुरं, कपडे धुणं, सुट्टीची गर्दी तशीच चालू असते. एका मोसमाचा नमुना दुसऱ्या मोसमाबद्दल काही सांगत नाही.

प्रयोगशाळेत एका नमुन्यासाठी पंधरा परीक्षानळ्या लागतात. पाच नळ्यांत १० मिलीलिटर पाणी, पाच नळ्यांत १, उरलेल्या पाचांत ०.१. आत जांभळा मॅकॉन्की ब्रॉथ आणि त्यात उपडी घातलेली बोटाच्या पेरापेक्षा बारीक ड्युरहॅम नळी. रात्रभर ३७ अंशांत ठेवल्यावर कोलिफॉर्म, म्हणजे ई-कोलायच्या गटातले जिवाणू, असतील तिथे जांभळा रंग पिवळा होतो आणि छोट्या नळीच्या माथ्याशी वायूचा बुडबुडा अडकलेला दिसतो. ज्यांत तो नाही, त्या आणखी एक दिवस ठेवायच्या. मग पिवळ्या नळ्या मोजून तक्त्यात बघायचं. पहिल्या पाचही, दुसऱ्यांतल्या दोन आणि तिसऱ्यांतली एकही नाही, असं आलं तर १०० मिलीलिटरमागे साधारण ५० कोलिफॉर्म.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. तो मोजलेला नसतो, संभाव्य असतो. खरा आकडा २० असू शकतो, दीडशेच्या जवळही असू शकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत नुसत्या निर्जंतुकीकरणाने पिण्याजोग्या पाण्याची मर्यादा ५० आहे, फिल्टर वगैरे पूर्ण प्रक्रिया करून पिण्याजोग्या पाण्याची ५,०००. एका दिवसाच्या एका नमुन्यावरून धरण कुठल्या वर्गात बसतं हे ठरवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. त्याच जागेचे, त्याच खोलीचे, वर्षानुवर्षांचे आकडे एकाखाली एक लागले की मगच वाढती वस्ती आणि वाईट पाऊस यांतला फरक दिसतो.

नळाच्या पाण्याचा निकष मात्र निर्विवाद आहे: आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलीलिटरमध्ये ई-कोलाय आढळता कामा नये. धरण ते नळ हे अंतर शुद्धीकरण केंद्रात कापलं जातं, तुरटी किंवा पॅकने (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइडने) गाळ बसवून, वाळूतून गाळून, शेवटी क्लोरिन देऊन. गढूळ पाण्यात नुसता क्लोरिन मारून भागत नाही, कारण मातीच्या कणांत दडलेल्या जंतूपर्यंत तो पोचत नाही आणि बराचसा मातीतच खर्ची पडतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेडगाव-किरकटवाडी भागात, गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले. धरणाच्या इतक्या जवळ असलेल्या या भागाला पाणी मिळत होतं ते विहिरीचं, शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं, फक्त क्लोरिन दिलेलं.

कॅम्पिलोबॅक्टर क्लोरिनला लवकर बळी पडतो, पण क्लोरिन पुरेसा आणि शेवटच्या नळापर्यंत शिल्लक असेल तरच. कोलिफॉर्मच्या चाचणीत विषाणू दिसतच नाहीत. म्हणून बॅकवॉटरच्या काठावरच्या गावांचं सांडपाणी धरणात पडण्याआधी अडवणं, जून ते सप्टेंबर आठवड्याला नमुने घेणं आणि नव्याने शहरात आलेल्या गावांना केंद्रातलं पाणी देणं, ही तिन्ही कामं एकत्रच व्हायला हवीत. आणि कच्च्या पाण्याचे आकडे दरमहा नागरिकांसमोर यावेत, पावसाच्या नोंदीसह.