मोहाचं झाड, रबरी चप्पल आणि खिशातला कांदा

मे संपत आला की दवनीवाड्याच्या शिवारात दुपारनंतर आभाळ अचानक काळवंडतं आणि पायी निघालेला माणूस आधी झाड शोधतो. धानाच्या बांध्या सपाट, मोकळ्या. बांधावर एखादा मोह. त्याच्या बुंध्याशी चार माणसं, दोन सायकली आणि एक शेळी गोळा होते. आसपासच्या शिवारात याहून धोक्याची जागा नाही.

झाडावर पडलेली वीज खोडाजवळच्या माणसावर झेपावते, शिवाय जमिनीतूनही पसरते. झाडाखालची गुरं एकदम दगावतात ती बहुधा या पसरणाऱ्या विजेने. पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून अंगातून वाहणारा प्रवाहही जास्त. उघड्यावर अडकलाच तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पण तो नाइलाजाचा उपाय. खरा आसरा पक्क्या घराचा, नाहीतर खिडक्या लावलेल्या एसटीचा. एसटीत वाचवतो तो धातूचा सांगाडा, टायर नव्हे. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला चपलेच्या बोटभर रबराचं काय?

मोबाइल वीज ओढतो, ही भीतीही खोटी. उलट तो जवळ हवा: पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडत असल्याची सूचना देतं. नेटवर्क नसेल तर आकडे मोजा. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद गेले, तर वीज साधारण १० किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरावरूनही ती गाठू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

सगळ्यात जीवघेणा गैरसमज वेगळाच आहे. वीज पडलेल्याला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो म्हणे! शरीरात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

शेगावची पालखी महिनाभर चालून आषाढीला पंढरपूर गाठते, म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्ही अंगावर. खिशातला कांदा ऊन शोषत नाही; तो भाकरीबरोबर खावा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हेही खरं नव्हे. चालता चालता माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर अंगाला घाम असला तरी त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

भिजल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंनी होते. मात्र ओले सुती कपडे आणि वारा मिळून अंगातली ऊब ओढून घेतात, तीही पारा शून्याच्या बराच वर असताना. म्हणून एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि तो फक्त मुक्कामाला घालायचा.

वाटेत थांबलं तर यात्रेला खंड पडतो, असं मानणाऱ्यांनी नर्मदा परिक्रमेकडे पाहावं. परंपरेने चालणारे परिक्रमावासी चातुर्मासात चार महिने एका जागी मुक्काम करतात. तुमच्या वाटेवर रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर ते घोटाभर दिसलं तरी अलीकडेच थांबा. वीतभर वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलतं.