जामखेडच्या बायका आणि डॉक्टरांची मक्तेदारी

लेखमाला : श्रद्धा आणि नेतृत्व, लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण शेवटच्या भोजनाच्या रात्रीपाशी थांबलो होतो. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र अवघडून मागे सरतो. ख्रिस्ती नेतृत्वावर बोलायला कोणीही उभं राहिलं की हा प्रसंग येतोच, आणि यायलाही हवा. मला खटकतं ते एवढंच की त्याचा अर्थ आपण फार स्वस्तात लावतो. पाळकसाहेबांनी स्वतः खुर्च्या लावल्या, संस्थेच्या संचालकांनी स्वतः चहाचे कप विसळले, की आपण म्हणतो, काय नम्र माणूस! कप विसळायला काहीच जात नाही. तिजोरीची किल्ली, निर्णयाचा अधिकार आणि आपल्याला येणारी विद्या या गोष्टी ज्याने मुठीत धरून ठेवल्या, त्याने कितीही कप विसळले तरी हुकूम त्याचाच चालतो.

जुन्या करारात याचं एक फार माणसासारखं उदाहरण आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, लोक ताटकळत उभे आहेत. सासरा इथ्रो भेटीला आलेला. तो हे सगळं बघतो आणि सांगतो की हे काही बरं चाललेलं नाही. तूही थकशील, लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, अगदी दहा-दहा माणसांवरही जबाबदार माणसं नेम आणि अवघड तेवढंच स्वतःकडे ठेव. जावयाने सासऱ्याचा सल्ला मुकाट्याने ऐकला, हाही निर्गमातला एक चमत्कारच म्हणायचा.

‘सेवक-नेतृत्व’ हा शब्द आज व्यवस्थापनाच्या वर्गांत सर्रास ऐकू येतो. तो रुजवला रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० सालच्या एका निबंधाने. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत नोकरीची सगळी वर्षं काढलेले हे गृहस्थ क्वेकर पंथाचे. त्यांनी नेत्यासाठी एक कसोटी सांगितली: ज्यांची तुम्ही सेवा करता ती माणसं तुमच्यामुळे अधिक शहाणी, अधिक मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी होतात का? नेता किती नम्र आहे, हे या कसोटीत विचारलेलंच नाही.

ही कसोटी लावून पाहायची तर त्याच १९७० साली सुरू झालेलं एक काम आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्न करतानाच आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं असं त्यांनी ठरवलेलं होतं. आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं, आणि तिथे त्यांच्या ध्यानात आलं की बरे होऊन गेलेले तेच ते रोगी तोच आजार घेऊन परत येताहेत. मग अमेरिकेत पुढचं शिक्षण, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि तिथून थेट जामखेड: तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या टोकाचा, कायम दुष्काळाच्या छायेतला तालुका.

सुरुवातीचा त्यांचा आराखडा कोणीही केला असता तसाच होता, गावागावात प्रशिक्षित नर्स ठेवायची. नर्स गावात रमेनात आणि गाव त्यांचं ऐकेना. मग ठरलं की गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी आणि तिला शिकवावं. निवडून आलेल्या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. सरूबाई साळवे, लालनबाई कदम, मुक्ताबाई पोळ ही नावं पुढे जगभर पोचली. पण सुरुवातीला यांतल्या अनेकींना चारचौघांत स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. अमक्याची बायको, तमक्या गावची, एवढीच ओळख. त्यामुळे शिक्षणाचा पहिला धडा औषधाचा नव्हताच. उभं राहायचं आणि आपलं नाव मोठ्याने सांगायचं.

आठवड्यातून एकदा या बायका जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. जेवण एका पंगतीत, निजणं एका खोलीत. मराठा आणि महार बाईने शेजारी-शेजारी अंग टाकायचं, ही सत्तरच्या दशकातल्या खेड्यात साधी गोष्ट नव्हती. दिवसा डॉक्टर शिकवत. रात्री बायका तेच एकमेकींना सांगत, गाण्यात बसवत. बाळंतपणाला हात साबणाने कसे धुवायचे, नाळ कापायला स्वच्छ ब्लेड का, जुलाब लागलेल्या पोराला चिमटीने मीठ आणि मुठीने साखर मोजून पाणी कसं पाजायचं. ज्या विद्येवर डॉक्टरांची प्रतिष्ठा उभी असते तीच विद्या इथे दोन डॉक्टर हात आखडता न घेता वाटत होते. संघ म्हणून याचा परिणाम असा झाला की गावच्या बाबतीत शेवटचा शब्द त्या बाईचा. गाडी घेऊन गावात जाणारा डॉक्टर आणि समाजसेवक तिच्या मदतीला जात, तिला हुकूम द्यायला नाही.

पुरुषांपाशी पोचायचा रस्ता वेगळा होता. रजनीकांत गावात जाऊन व्हॉलीबॉल खेळत. एक जाळं, एक चेंडू, आणि सगळ्या जातींचे गडी एका बाजूला. खेळ संपला की गप्पा पाण्यावर, पिकावर, पोरांच्या आजारावर; त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरवेल खोदताना त्यांनी जागा दलित वस्तीत धरायला लावल्या, म्हणजे पाणी भरायला सगळ्या गावाला तिकडे यावंच लागेल. हा डाव होता, आणि तो त्यांनी मुद्दाम खेळला. सेवकाने भोळंच असलं पाहिजे, असं शुभवर्तमानात कुठे म्हटलेलं नाही.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार सुरुवातीला त्या गावांत दर हजार बालकांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकापर्यंत हा आकडा तिशीच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडचा अनुभव पुस्तकात घेतला, १९७९ मध्ये दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला जास्त मोलाची वाटते ती मुक्ताबाईंची वॉशिंग्टनची गोष्ट. एका आरोग्य परिषदेत बोलताना त्यांनी सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवलं: डॉक्टर असे असतात, देखणे, महाग, हाताला न येणारे. मग वातीचा दिवा पेटवला आणि त्यावरून दुसरा. व्यासपीठावर संस्थेतर्फे बोलायला तिथे डॉक्टर उभे नव्हते, ही त्या भाषणातली खरी बातमी.

एक अडचणीचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. या बायकांना ठरावीक पगार नव्हता. संस्थेचं म्हणणं असं की पगारी नोकर झाली की ती गावाची उरत नाही, म्हणून लहानसहान धंद्याला हातभार लावायचा. जामखेडपुरतं ते पटण्यासारखं आहे, कारण बाईला तिथे विद्या मिळाली, मान मिळाला, कमाईची वाटही मिळाली. पण हाच दाखला देऊन शिक्षक, नर्स, शिपाई यांना अर्ध्या पगारात राबवणाऱ्या आणि कुणी तोंड उघडलं की ‘ही प्रभूची सेवा आहे’ म्हणून गप्प करणाऱ्या संस्था काही कमी नाहीत. तिथे विद्याही वाटली जात नाही आणि अधिकारही. मजूर आपल्या मजुरीला पात्र आहे, हेही येशूनेच सांगितलंय. पुढे घरोघरी फिरणारी सरकारी ‘आशा’ आली तीही मानधनावरच, आणि त्या मानधनासाठी तिला रस्त्यावर उतरावं लागतं. हा प्रश्न जामखेडने सोडवला असं मी म्हणणार नाही.

मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम त्यांची मुलं शोभा आणि रवी यांनी पुढे चालवलं.

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येतो: सगळ्यांना अधिकार वाटला आणि मग दोघा समंजस माणसांचंच जमेनासं झालं तर? प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि बर्णबा नेमके असेच भांडले, मार्क म्हटलेल्या तरुण योहानाला बरोबर न्यायचं की नाही यावरून, आणि वेगवेगळ्या वाटांनी निघून गेले. त्या भांडणाबद्दल पुढच्या आठवड्यात.