सहा कमांडची साखळी

शेल, म्हणजे कमांड टाइप करून संगणक चालवायची सोय, हा निव्वळ जुनाट काळा पडदा आहे, असं मानणाऱ्यांनी 1986 चं एक उदाहरण जरूर पाहावं. मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधायचे होते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी त्यासाठी अनेक पानांचा देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं परीक्षण करताना संगणकशास्त्रज्ञ डग मॅकिलरॉय यांनी तेच काम शेलच्या सहा कमांड पाइपने, म्हणजे एकीचं आउटपुट पुढचीला देत, जोडून केलं: ‘टीआर’ प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणतो, दुसरा ‘टीआर’ कॅपिटल अक्षरं स्मॉल करतो, ‘सॉर्ट’ सारखे शब्द शेजारी आणतो, ‘युनिक’ मोजतो, पुन्हा ‘सॉर्ट’ मोठे आकडे वर नेतो आणि ‘सेड’ हवं तिथे थांबवतो. नूथ यांना प्रोग्रॅम लिहिण्याची आपली पद्धत दाखवायची होती, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य.

पण खरी गंमत बदल करताना कळते. मराठी मजकुरावर पहिलीच कडी फसते, कारण ती इंग्रजी अक्षरांखेरीज सगळं टाकून देते. तिला फक्त मोकळ्या जागांवर शब्द तोडायला सांगा, कॅपिटलची कडी काढूनच टाका. उरलेल्या चार जशाच्या तशा चालतात. शब्दांना चिकटलेली विरामचिन्हं काढायला मध्ये आणखी एक ‘सेड’ घाला, झालं! एवढ्या कमांड पाठ कोण करणार, असं विचारलं जातं. पाठ करायच्याच नाहीत. एक कडी जोडा, एंटर दाबा, आउटपुट पाहा, मग पुढची जोडा; चूक जिथे झाली तिथेच दिसते. साध्या मजकुराच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत: फाइलच्या नावात स्पेस आली की स्क्रिप्ट अडखळू शकतात. पॉवरशेल नावाचा शेल म्हणूनच मजकुराऐवजी ऑब्जेक्ट पुढे पाठवतो, पण तेही पाइपमधूनच.