डाल्टनच्या नळीची फेरतपासणी

मृत शास्त्रज्ञावर अप्रामाणिकपणाचा आरोप करणे सोपे असते. त्याच्या वह्याही उरल्या नसतील, तर अधिकच सोपे. अणुसिद्धांताचा जनक म्हणून ज्याचे नाव आपल्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते, त्या जॉन डाल्टनच्या वाट्याला नेमके हेच आले. त्याचे बहुतेक हस्तलिखित कागद डिसेंबर १९४० मध्ये मँचेस्टरवर झालेल्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले. हाती राहिला तो मुख्यतः छापील मजकूर, आणि त्यातील आकडे तर संशय यावा इतके नेटके!

१८०३ च्या सुमारास केलेला हा प्रयोग वर्णनाला अगदी साधा आहे. पाण्यावर उपड्या धरलेल्या, इंचाच्या तीन-दशांश रुंदीच्या व पाच इंच लांबीच्या नळीत नायट्रिक ऑक्साइड वायूचे ३६ भाग घ्यावयाचे व त्यांत साध्या हवेचे १०० भाग सोडावयाचे. काही मिनिटांत सगळा प्राणवायू नाहीसा होऊन ७९ किंवा ८० भाग उरतात. तोच प्रयोग रुंद भांड्यात, किंचित हलवून केला तर त्याच हवेला ७२ भाग लागतात व शेष तेवढाच राहतो. छत्तीस आणि त्याची दुप्पट बहात्तर. प्राणवायू या वायूच्या एका ठरावीक मात्रेशी किंवा तिच्या दुपटीशी संयोग पावतो, मधल्या कोणत्याही मात्रेशी नाही, असा अर्थ डाल्टनने काढला. पदार्थ अखंड पिठासारखा नसून मोजता येण्याजोग्या कणांचा आहे, या कल्पनेला त्यातून मोठेच बळ मिळाले.

पुढच्या काळात ज्यांनी हा प्रयोग करून पाहिला त्यांना हे आकडे मिळाले नाहीत. मग डाल्टनने सिद्धांत आधी रचला व आकडे मागाहून बसवले, असे काही इतिहासकार म्हणू लागले. काहींनी तर त्याला सरळ लबाडीच ठरवले. मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून चरितार्थ चालविणारा हा विणकराचा मुलगा प्रतिवाद करावयास नव्हता. तो १८४४ मध्येच निवर्तला होता.

हा वाद ग्रंथालयात सुटण्यासारखा नव्हताच. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठाचे प्रा. मेल्विन उसलमन यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेच्या मेजावर नेला. डाल्टनच्या रीतीने, पाण्यावर, बंद भांड्यांत त्यांनी प्रयोगाची पुनर्रचना केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: डाल्टनचे आकडे मिळतात. उसलमन यांचा हा पहिलाच उद्योग नव्हे. लीबिखने १८३१ मध्ये सिद्ध केलेले पाच काचगोलांचे कार्बनमापक उपकरणही त्यांच्या गटाने असेच पुन्हा उभे करून वापरून पाहिले होते.

मग डाल्टन निर्दोष सुटला काय? लबाडीच्या आरोपातून, होय. पण त्याच संशोधकांनी असेही नोंदवले आहे की, डाल्टन आधीपासूनच अणूंच्या भाषेत विचार करीत होता आणि पूर्णांकी प्रमाण मिळेल अशा बेताने त्याने प्रयोगाच्या अटी जुळवून घेतल्या. रसायनशास्त्र या निष्कर्षाला दुजोराच देते. पाण्याच्या सान्निध्यात या वायूपासून नायट्रिक व नायट्रस अशी दोन आम्ले होतात. केवळ पहिले झाले तर प्राणवायूच्या एका भागाला या वायूचे १.३३ भाग लागतात. केवळ दुसरे झाले तर ४. हवेतील २१ भाग प्राणवायूच्या हिशेबाने डाल्टनचे आकडे सुमारे १.७ व ३.४ असे येतात, म्हणजे दोन्ही वेळा मिश्रणच! नळीची रुंदी बदला, हलविण्याचा वेग बदला, मधला हवा तो आकडा मिळेल. खरे प्रमाण एकास दोन नव्हे, एकास तीन आहे. नियम खरा निघाला. त्याचा आधार म्हणून दाखविलेले माप मात्र नळीच्या रुंदीने ठरविलेले होते. इतकी नाजूक गोष्ट कागदपत्रे चाळून कोणाच्या ध्यानात आली असती? त्यासाठी नळी हातात धरावी लागली.

आपल्याकडील प्रयोगशाळांत याच्या नेमके उलट चालते. उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. जर्नलमधील निरीक्षणे त्यावरून मागे मोजत लिहिली जातात, आणि ताळा जुळला की गुण मिळतात. डाल्टनने निदान अटी बदलून प्रयोग तरी केला! त्याचा विद्यार्थी म्हणविणारे तेवढेही करीत नाहीत, आणि हा दोष मुलांपेक्षा गुणदानाच्या पद्धतीचा अधिक आहे.

नायट्रिक ऑक्साइडचा प्रयोग शाळेत करावयास कोणी सांगणार नाही. त्यापासून होणारे तपकिरी वायू विषारी असतात. पण कॉपर कार्बोनेटची घटना नेहमी ठरावीकच असते, हे प्रूस्तने १७९९ मध्ये दाखविले, ते पडताळण्यास चिनी मातीची वाटी, दिवा व कुलपातून बाहेर काढलेला तराजू एवढे पुरते. शिक्षक शेजारी हवा, एवढेच. हिरवी पूड वजन करून घ्यावी, काळी होईपर्यंत तापवावी, निवल्यावर पुन्हा तोलावी. शुद्ध, कोरड्या पुडीचे शंभराला सुमारे ७२ भाग उरावयास हवेत. एकाचे ६९ येतील, दुसऱ्याचे ७४. एकाची पूड वाटीबाहेर उडाली असेल, दुसऱ्याने दिवा लवकर विझविला असेल. त्या दोघांनी जर्नलात ६९ आणि ७४ च लिहावे, आणि त्याखाली कारण.