अपुऱ्या डावांची शाळा

काटोलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत चार मशिनी, भिंतीवर करकरणारा पंखा, आणि एका मशिनीपुढे कायम सात-आठ पोट्टे. खेळायचा एक, बाकीचे बघायचे. १९९९ साली मी आठवीत होतो आणि बघणाऱ्यांत माझी जागा ठरलेली होती. डाव्या अंगाला, म्हणजे स्टिक धरलेला हात नीट दिसेल अशी. रुपयाचं नाणं रोज हाती येत नसे, पण दुसऱ्याचं मनगट बघायला पैसे पडत नव्हते.

त्या मशिनीत 'किंग ऑफ फायटर्स ९७' होता. सगळ्यांना कुसानागी क्यो हवा असायचा, कारण त्याच्या हातातून आग निघायची. स्टिक पुढं, मग खाली, मग त्या दोहोंच्या मधल्या तिरप्या कोपऱ्यात, आणि तिथंच पंच. तीन झटके एका श्वासात बसले की क्यो हवेत उसळायचा आणि समोरचा पेटायचा. मधल्या कोपऱ्यात बोट जराही अडकलं तर तो नुसता हवेत बुक्की मारायचा आणि मार खायचा. हा डाव बसवायला मला अख्खा उन्हाळा लागला.

याच गेममध्ये शाळेच्या गणवेशातला, कपाळाला पट्टी बांधलेला आणखी एक पोरगा पहिल्यांदा आला होता, शिंगो याबुकी. तो क्योचा भक्त. क्योचे डाव बघून बघून शिकलेला. हालचाल तीच, उसळी तीच, फक्त आग नाही. मोठी पोरं त्याला घेत नसत, नाणं वाया जातं म्हणत. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून आपला वाटला. पुढे कळलं, की त्याच्या डावांच्या जपानी नावांतच 'मिकानसेई' हा शब्द जोडलेला असतो. मिकानसेई म्हणजे अपूर्ण, अजून पुरता न झालेला. ज्यांनी तो घडवला त्यांनी त्याचं अपुरेपण लपवलं नव्हतं, नावातच लिहून ठेवलं होतं. जपानीत मिकान म्हणजे संत्रं. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण संत्र्याच्या गावात वाढलेल्या माणसाला तो शब्द एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही.

आज पंचवीस वर्षांनी मागं बघतो तेव्हा शाळकरी लढवय्यांचे हे खेळ मला इतर फायटिंग गेमपासून वेगळे का वाटतात, याचं उत्तर शिंगोपाशीच सापडतं. इतरांत लढणारे तयार असतात. कुणी पोलीस, कुणी सैनिक, कुणी भाड्याचा मारेकरी, आणि त्यांचं शिक्षण खेळ सुरू होण्याआधीच आटोपलेलं असतं. शाळकरी लढवय्या अजून शिकतोय. त्याला गुरू शोधायचाय, सराव करायचाय, मार खायचाय, आणि संध्याकाळी घरी जायचंय.

या खेळांचं मूळ १९८६ सालात आहे. टेक्नोस जपान या कंपनीचा 'नेक्केत्सू कोहा कुनिओ-कुन' तेव्हा मशिनींवर आला. त्याचे कर्ते योशिहिसा किशिमोतो. स्वतःच्या शाळेतल्या मारामारीच्या दिवसांवरून त्यांनी तो रचला. कुनिओ हा पांढऱ्या गणवेशातला, डोक्यानं गरम पण मनानं सरळ पोरगा. त्याचा मित्र हिरोशी गरीब स्वभावाचा. टप्प्याच्या सुरुवातीला गुंड हिरोशीला बडवतात आणि कुनिओ त्याच्यासाठी धावून जातो. एवढीच गोष्ट, पण कुठल्याही गावातल्या कुठल्याही शाळेच्या फाटकाबाहेर घडणारी.

हाच खेळ पाश्चात्त्य देशांत गेला तेव्हा त्याचं नाव 'रेनेगेड' झालं, गणवेश उतरवले गेले आणि पोरांच्या जागी शहरी टोळीवाले आले. शाळा पुसली गेली. कुनिओच्या शाळेचा फुटबॉलचा खेळ १९९० साली बाहेर गेला तो 'निन्टेंडो वर्ल्ड कप' होऊन, आणि शाळांच्या संघांच्या जागी देशांचे संघ बसले. आमच्या घरी टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमध्ये तो होता. धाकट्या भावानं आणि मी तो दिवाळीच्या सुट्टीत बोटं दुखेपर्यंत खेळला. चेंडू लागून आडवे होणारे ते ठेंगणे खेळाडू मुळात एका शाळेचे वर्गमित्र आहेत, हे आम्हाला कोण सांगणार? विकणाऱ्यांना वाटलं असावं, की परक्या शाळेत परक्या मुलांना काय रस. मला वाटतं, त्यांचं तिथंच चुकलं. परक्या शहरातली टोळी आम्हाला कळण्याचं कारण नव्हतं, पण वर्ग, मास्तर, दुसऱ्या शाळेची पोरं आणि मैदानावरची खुन्नस आम्हाला रोजची होती.

साकुरा कासुगानो मला भेटली उशिरा, कॉलेजसाठी नागपूरला राहायला गेल्यावर, २००४च्या सुमारास, एका मित्राच्या कॉम्प्युटरवर एमुलेटरमधून. ती आली होती १९९६च्या 'स्ट्रीट फायटर आल्फा २'मध्ये. शाळेचा खलाशी कॉलरचा गणवेश आणि डोक्याला पांढरी पट्टी. तिनं र्‍यूला, म्हणजे या खेळाच्या नायकाला, एकदा लढताना पाहिलं आणि त्याच्यासारखं व्हायचं ठरवलं. र्‍यूनं तिला शिकवणीला घेतलेलं नाही. ती आपली आपण त्याची नक्कल करत शिकते.

घडवणाऱ्यांनी ही नक्कल डावाच्या अंगात किती बारकाईनं उतरवली आहे ते बघण्यासारखं आहे. र्‍यूचा हादोकेन, म्हणजे तळहातांतून सुटणारा ऊर्जेचा गोळा, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातो. साकुराचा थोडं अंतर जाऊन विरतो. बटण दाबत राहून तिनं तो मोठा केला, तर आणखीच जवळ विरतो. जोर आहे, पल्ला नाही. र्‍यूचा वर उसळणारा ठोसा जागच्या जागी निघतो. साकुरा त्याच्यासाठी आधी जमिनीवरून धावत सुटते आणि मग उडते, जणू तिला तेवढी धाव घेतल्याशिवाय उसळीच मिळत नाही. नवशिक्या पोराला लांब उडी मारताना पाहिलंय का? पट्टीपर्यंत येईतो पावलं चुकतात, पण जीव पूर्ण ओतलेला असतो. अगदी तसंच.

आपल्याकडे अशा शिकणाऱ्याला एकलव्य म्हणतात. त्या कथेत गुरू नंतर अंगठा मागतो, आणि लहानपणी ती ऐकताना मला दरवेळी रडू यायचं. साकुराकडे कुणी अंगठा मागत नाही. र्‍यू भेटतो तेव्हा तो तिच्याशी लढतो, एवढंच. बघून शिकलेल्याला समोर उभं करून घेणं, हाच त्याचा आशीर्वाद. या खेळात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ती हीच.

शाळकरी लढवय्यी 'टेकन ३'मध्येही होती. तो खेळ १९९७चा. काटोलला तो आला तेव्हा मशिनी जाऊन तासावर प्लेस्टेशन लावणारी दुकानं निघाली होती, आणि आम्ही त्याच्या कंट्रोलरला रिमोट म्हणत होतो. त्यात शाओयू ही सोळा वर्षांची चिनी मुलगी मिशिमा हायस्कूलमध्ये शिकते. तिची कला बागुआ आणि पिग्वा या चिनी पद्धतींवर बेतलेली. ती समोरच्याकडे चक्क पाठ करून उभी राहते आणि तिथूनच वळून मारते. आमच्या दुकानात सगळे ह्वारांगच्या तायक्वांदोच्या लाथांवर आणि एडीच्या कापोईरावर फिदा होते, कारण दोन्हींत नुसतं किकचं बटण बडवलं तरी काहीतरी भारी दिसायचं. शाओयूला बडवून चालत नव्हतं.

पण शाळेचा खरा खेळ म्हणजे कॅपकॉमचा 'रायव्हल स्कूल्स'. १९९७ला मशिनीवर, पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर. जपानी नाव 'शिरित्सू जस्टिस गाकुएन'. वेगवेगळ्या शाळांतून विद्यार्थी आणि शिक्षक पळवले जातात, आणि शाळा एकमेकींवर संशय घेत लढायला उतरतात. ताइयो ही साधी शाळा, गोरिन खेळाडूंची, गेदो टपोऱ्यांची. गोरिन म्हणजे पाच वर्तुळं, ऑलिम्पिकची. या शाळेत शोमा बेसबॉलची बॅट घेऊन लढतो, नात्सू व्हॉलीबॉल हाणते, रॉबर्टो फुटबॉलचा गोलकीपर आहे. गेदोचा गान सुमो करतो. शिमाझू गुरुजी भाषा शिकवतात आणि कराटे लढतात. शाळेची नर्स क्योकोसुद्धा लढते, आणि ती आपली जोडीदार असेल तर मैदानात येऊन आपल्या खेळाडूची हाडं मोडून-चोळून त्याला पुन्हा उभा करते.

मार्शल आर्टची व्याख्याच या खेळानं सैल केली. मैदानावर अंगात मुरलेली कुठलीही हालचाल लढाईची कला होऊ शकते, मग ती सर्व्हिस असो की पेनल्टी अडवताना मारलेली झेप. आणि दुसरं म्हणजे इथं एकटा लढत नाही. दोन बटणं एकत्र दाबली की बाहेर थांबलेला जोडीदार धावत येतो आणि दोघं मिळून डाव टाकतात. या जोडीच्या डावाच्या जपानी नावात प्रेम आणि मैत्री हे दोन शब्द आहेत. आमच्यापैकी ज्यांनी शाळा सुटल्यावर मित्राला सोडवायला मारामारीत उडी घेतली आहे, त्यांना तो डाव समजावून सांगावा लागत नाही.

प्लेस्टेशनच्या जपानी आवृत्तीत स्वतःचा विद्यार्थी घडवून शाळेचं वर्षच जगायची सोय होती. मैत्री करायची, डाव शिकायचे, वर्ग गाठायचा. इंग्रजी आवृत्तीत तो भाग आला नाही. पुन्हा तेच, शाळाच गळाली.

काटोलच्या आमच्या शाळेत कराटेचे सर आठवड्यातून दोनदा नागपूरहून साठेक किलोमीटर एसटीनं यायचे. पटांगणावर आम्ही रांगेत उभे राहून ठोसे मोजायचो. संध्याकाळी त्यातलेच काही पोट्टे आखाड्यात लंगोट कसायचे आणि पोळ्याच्या दंगलीत माती उडवायचे. कराटेचे सर सांगत, की ठोशाची ताकद खांद्यात नसून कमरेत असते. वस्ताद शब्द न वापरता तेच सांगत, पठ्ठ्याच्या कमरेवर थाप मारून. मला दोन्ही ठिकाणी फारसं यश आलं नाही, पण 'बघ आणि कर' ही शिकवणी पार्लरमध्येही तीच होती आणि मातीतही.

म्हणून मला नेहमी एक खंत वाटत आली आहे. या सगळ्या खेळांत जगभरच्या कला आल्या. भारताच्या वाट्याला आला तो स्ट्रीट फायटरचा धाल्सिम, योगानं हातपाय लांबवणारा, गळ्यात कवट्या घातलेला. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथल्या मंडळींनी १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. मल्लखांबावरची मुलगी दोरीला अंगठ्याच्या चिमटीत धरून उलटी लटकते, सरसर खाली येते आणि जमिनीपासून वीतभर वर थांबते. हे कुठल्याही गोरिन हायस्कूलच्या तोडीचं आहे. लेझीम, लाठी, कबड्डीतली चढाई, खो-खोतली खांबाभोवतीची गिरकी. एक आख्खी शाळा उभी राहील एवढं सामान आपल्याकडे पडून आहे. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' काढला, त्यात हरवलेल्या भावाला शोधत एक मुलगी त्रिशूळ घेऊन लढते. तो शाळेचा खेळ नव्हे, पण मी पडद्यापुढे बसून एकच गोष्ट मनात म्हणत होतो, की सुरुवात झाली.

जपानी शाळकरी दरम्यान मोठे झाले. 'रायव्हल स्कूल्स'चा पुढचा भाग 'प्रोजेक्ट जस्टिस' २०००चा. त्यानंतर या शाळांना कुलूपच लागलं. २०१८च्या जानेवारीत साकुरा 'स्ट्रीट फायटर ५'मध्ये परतली तेव्हा तिचा गणवेश गेला होता. शाळा संपलेली, आणि ती एका गेम सेंटरमध्ये काम करत होती. पुढं काय करायचं हे तिला ठरवता येत नव्हतं. तोवर मीही पस्तिशीकडे आलो होतो आणि ते दृश्य मी दोनदा थांबवून पाहिलं. २०२१ला त्याच खेळात गेदोची आकिरा काझामा आली, आणि 'रायव्हल स्कूल्स' वाचवून ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटलं, कुणीतरी शाळेच्या हजेरीपटावरून आपलं नाव पुकारलं.

२०२५च्या मे महिन्यात कॅपकॉमनं जुन्या खेळांचा एक संच काढला, त्यात 'प्रोजेक्ट जस्टिस' आहे. त्या दिवाळीत मी तो काटोलला घेऊन गेलो. अंगणात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे क्रेट रचलेले होते. भाची नववीत आहे, शाळेच्या व्हॉलीबॉल टीममध्ये. तिनं सगळ्या शाळा एकेक करून पाहिल्या, कुणाची हेअरस्टाइल बरी आहे यावर बोलली, आणि नात्सूवर येऊन थांबली.

"मामा, ही आपल्याच खेळातली आहे?"

दोन-तीन मॅच ती हरली. चौथ्या वेळी तिनं नात्सूला दुसरं काही न करता उभंच ठेवलं आणि नुसता चेंडू मारायला लावला, पुन्हा, पुन्हा. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन नात्सूच्या खांद्याकडे बघत राहिली. मग रिमोट माझ्या हातात दिला, कपाटामागून आपला चेंडू काढला आणि बाहेर गेली.

खिडकीतून दिसत होतं. क्रेटांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. चेंडू वर टाकला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वर, आणि हात फिरवला. चेंडू भिंतीला लागायच्या ऐवजी कंपाउंडपलीकडे गेला. ती धावत जाऊन घेऊन आली आणि पुन्हा त्याच जागी उभी राहिली.