किल्लारीचा भूकंप आणि देवाचे तीन गुण

देव सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू असेल, तर निरपराधांच्या वाट्याला दुःख का? ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जाणारा हा पेच. माणसाला दिलेले स्वातंत्र्य, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण दगावले. तिथे ते बरेचसे लागू पडते, कारण दोष बांधणाऱ्यांचा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन उरकून झोपलेल्या किल्लारी परिसरात हजारो माणसे भूकंपाने गाडली गेली, ती कोणाच्या स्वातंत्र्यापायी? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बोट ठेवले ते जीवांच्या पूर्वकर्मावर. ईश्वर पक्षपाती वा निर्दय नाही. मात्र कर्मफळ त्यालाही टाळता येत नसेल, तर सर्वशक्तिमत्ता उणीच पडते. मीमांसकांनी आणि जैनांनी जगत्कर्ता ईश्वरच मानला नाही, त्यामुळे ते या कोड्यात अडकले नाहीत.